हळदीनं गेलेला डोळा

माझ्या लग्नाला महिना होत आला, तोवर सुकापुरात एक डोळा माझ्या नावावर लागला होता. माझ्या सासऱ्यांचा, डावा. खरं तर गुन्हेगार ठरली होती वेणूआत्या. पण आत्या राहते बेलपाड्याला आणि मी घरात, हाताशी, नवी कोरी. त्यामुळे लोकांना मीच जास्त सोयीची पडले. "पोरीचा पायगुन," असं शेजारची गोदूआजी म्हणाली, तेही मी अंगणात कपडे वाळत घालत असताना, मला नीट ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात.

झालं ते असं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हितेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हळद लागली. पहिला मान आत्याचा. वेणूआत्या ही माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला तिनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. हळदही तिनेच आणली होती, घरी जात्यावर दळून, कारण बाजारच्या पुडीवर तिचा काडीचा विश्वास नाही. नवरदेवाला लावून झाल्यावर उष्टी हळद वाटीत झाकून बायका गाडीत बसल्या आणि उलव्याला माझ्या माहेरी यायला निघाल्या. इकडे मांडवात डीजे सुरू झाला. आमच्या लोकांत हळद म्हणजे लग्नाहून मोठी. नाचायचं, दिसेल त्याला फासायचं, आणि फासलेल्याने रागवायचं नाही. त्या धांदलीत आत्याने भावाचं तोंड दोन्ही हातांनी माखलं आणि सासरे ओरडले. डीजेच्या आवाजात ते कोणाला कळलंच नाही. आवाज बंद झाला तेव्हा ते खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि म्हणत होते, "मना दिसत नाय. कायच दिसत नाय मना."

तांब्याने पाणी मारलं, डोळे धुतले, कोणी फुंकर घातली. बऱ्याच वेळाने दिसायला लागलं, पण उजव्यानेच. उजव्यावर ओला रुमाल धरला की अंधार. हळद दोन्ही डोळ्यांत गेली, उजवा पाण्याने वाचला आणि डावा कामातून गेला, असं तिथल्या तिथे ठरलं. मग कोणीतरी विचारलं, हळद आणली कोणी? त्यात काय घातलं होतं?

आत्याने काय करावं? ताटातली हळद बोटभर उचलली आणि सगळ्यांसमोर जिभेवर ठेवली. "घ्या. विष असंल तर मी मरंन." इथवर येऊन सगळं मिटायला हरकत नव्हती. पण माझे सासरे कमळाकरशेठ, गावात चार माणसांत उठबस असलेले, दुखावले की तोंडाला येईल ते बोलणारे. ते म्हणाले, "तुना माजं चांगलं बघवत नाय, आक्का. कवाच बघवलं नाय."

आत्या जेवली नाही. पिवळ्या हातांनीच रिक्षात बसून बेलपाड्याला निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी लग्नालाही आली नाही. मांडवात तिच्यासाठी ठेवलेल्या पैठणीचं पुडकं माझ्या सासूच्या मांडीवर तसंच राहिलं. सासरे काळा गॉगल लावून पाहुण्यांचं स्वागत करत होते, आणि माझ्या मैत्रिणी मला कोपराने ढोसून म्हणत होत्या, काय हिरो आहेत गं तुझे सासरे. मला हे सगळं पाठवणी झाल्यावर गाडीत कळलं. हितेशने सांगितलं आणि वर म्हणाला, तू मनाला लावून घेऊ नको. लावून घेऊ नको म्हटलं की जे होतं तेच झालं.

पुढे घरात उपचार सुरू झाले. सासूबाई, मालू त्यांचं नाव, रोज तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून नजर काढायच्या. आम्ही सगळे खोकायचो. गुलाबपाणी झालं, मध झाला, कोणाच्या तरी मेव्हण्याला गुण आलेले थेंब झाले. डॉक्टर झाला नाही. मी विचारलं तर सासरे म्हणाले, "डाक्टर काय सांगनार? हलदीनं गेला. त्ये मना म्हाईत हाय." कारण माहीत असलेल्या माणसाला तपासून घ्यायची गरज वाटत नाही, हे मी त्या घरात शिकले. मी कळंबोलीला लोखंड बाजारात बिलिंगचं काम करते. आमच्याकडे काटा हलला तरी दोनदा वजन करतात. इथे एक डोळा गेला तरी कोणी एकदाही तपासला नव्हता, याचा मला मनापासून राग यायचा.

नव्या माणसाला घरच्यांपेक्षा जास्त दिसतं, त्यात हुशारी काही नाही. मला दिसलं की सासरे ताटातली डावीकडची भाजी खात नाहीत. आवडत नसेल म्हणून मी वाटी उजवीकडे सरकवली, तर त्यांनी बोटं चाटून संपवली. जिन्याच्या वळणावर त्यांचा खांदा भिंतीला घासायचा, आणि तिथला रंग उडालेला भाग ताजा नव्हता, चांगला जुना, मळून काळा पडलेला होता. त्यांची मोठी पांढरी गाडी डाव्या बाजूने पुढून मागपर्यंत खरवडलेली. कोणी विचारलं की उलव्याच्या डंपरवाल्यांना शिव्या. सासऱ्यांचा धंदा बांधकामाला खडी आणि जेसीबी पुरवायचा, त्यामुळे ते सतत उलव्यालाच असायचे आणि डंपरही तिथे मुबलक, म्हणून कोणाला संशय आला नाही. पण आमच्या फाटकाच्या खांबावर पांढरा रंग लागला होता. डंपर काही आमच्या फाटकात येत नाही.

आणि गावात बोलायचे, कमळाकरला आता मस्ती आलीय, समोरून गेलं तरी ओळख देत नाही. समोरून नाही हो, बाजूने. पण हे तेव्हा मलाही कळत नव्हतं. मलाही वाटायचं, पैसेवाला माणूस, असेल मस्ती.

त्या दिवशी गोदूआजीचं ते पायगुणाचं ऐकून मी घरात आले ती धुमसतच. रात्री जेवताना सासरे पुन्हा आत्याच्या नावाने सुरू झाले, आणि माझा तोल गेला. नव्या सुनेने काय बोलू नये याची माझ्या आईने केलेली सगळी तयारी त्या एका क्षणात वाया गेली.

"बाबा, तीच हळद मला लागलीय," मी म्हणाले. "उष्टी हळद त्याच ताटातली उलव्याला आली ना? माझ्या गालाला लावली, कपाळाला लावली, माझ्या मावशीने पापण्यांवरसुद्धा थापली. माझे डोळे बघा. आहेत ना जागेवर? हळदीत काही असतं तर मी आंधळी व्हायला हवी होते."

हितेशने टेबलाखाली माझा पाय दाबला. सासूबाईंनी भाजीचं पातेलं उचललं आणि परत तिथेच ठेवलं. सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता उद्या माहेरी.

"बरा," ते म्हणाले. "तुमाला सगल्यांना पुरावा पायजे ना? चला डाक्टरकडं. हलदीनं डोला गेला असा लिवून घेतो त्याच्याकडनं. आनि त्यो कागद वेणूच्या दारात नेऊन टाकतो."

तर असे आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बहिणीच्या विरुद्ध कागद आणायला.

पनवेलच्या बाजारातला दवाखाना, वरच्या मजल्यावर, खाली साड्यांचं दुकान. डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. सासऱ्यांनी खुर्चीत बसताबसताच त्यांना काम सांगून टाकलं, फक्त लिवून द्या. त्या म्हणाल्या, आधी बघू तर द्या मला. मग थेंब घातले, बसवून ठेवलं, दिवे मारले, एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत नेलं. सासरे चिडचिड करत होते. सकाळचे गेलेलो आम्ही, दुपार उलटली तेव्हा आम्हा सगळ्यांना आत बोलावलं.

"हळद कुठल्या डोळ्यात गेली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनीत."

"दोन्ही डोळ्यांची आग झाली?"

सासऱ्यांनी हात उजव्या डोळ्याकडे नेला. "आग उजव्याची झाली."

"लाल कुठला झाला होता?"

"उजवाच," सासूबाई म्हणाल्या. "सुजून टम्म झालेला. दोन दिवस उघडत नव्हता धड."

"आणि डावा?"

"डाव्याला कायच झालं नव्हतं," सासूबाईंनी सांगितलं. आणि सांगतासांगताच त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

"डाव्या डोळ्यात हळद गेलीच नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "ती गेली उजव्यात. म्हणून तुम्ही उजवा मिटलात. उजवा मिटल्यावर तुम्हाला पहिल्यांदा समजलं की डाव्याने दिसत नाही. तो आधीच गेला होता. वर्षभर तरी झालं असेल, जास्तच."

"काय पन काय बोलता," सासरे म्हणाले. "माजा डोला गेला आनि मनाच कलला नाय?"

"नाही कळत. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. एक डोळा गेला की दुसरा त्याचं काम उचलतो. हा काचबिंदू आहे."

"मग काडून टाका. माज्या चुलत्याचा काडला, दुसऱ्या दिवशी पेपर वाचीत बसलेला."

"तो मोतीबिंदू. तो काढता येतो. यात डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढतं आणि मागची नस वाळत जाते. बाजूचं दिसणं आधी जातं. वाळलेली नस कोणालाच परत आणता येत नाही." त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर दोन गोल होते. एक जवळपास सगळा काळा. दुसऱ्याचा वरचा भाग काळा. "उजव्याचंही एवढं गेलंय. उरलेलं राखायचं. रोज थेंब, न चुकता, आयुष्यभर. मी सांगीन तेव्हा तपासायला यायचं. गाडी आजपासून बंद. याआधी डोळे कधी तपासले होते?"

खरं तर हा प्रश्न ऐकून मलाच लाज वाटली. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला गावच्या मैदानात मोफत नेत्र तपासणी शिबिर भरतं, चष्मे वाटले जातात. नाक्यावर फ्लेक्स लागतो आणि त्यावर मधोमध कमळाकरशेठ हात जोडून. दर वर्षी ते फीत कापतात, डॉक्टरांना शाल घालतात, म्हाताऱ्यांना रांगेत बसवतात. त्या खुर्चीत स्वतः कधी बसले नाहीत. पोरांनी आग्रह केला की म्हणायचे, मना काय झालंय, मना सगलं दिसतं.

"भावंडं आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक बहीन हाय," सासरे खाली बघून म्हणाले. "थोरली."

"तिला घेऊन या. आणि मुलालाही. हे घराण्यात चालतं. बहिणीचं वय जास्त, म्हणजे तिला असेल तर तुमच्या पुढेही गेलेलं असू शकतं. जितकं लवकर बघू तितकं तिच्या हातात राहील. उशीर करू नका."

दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने नव्हे, आधारासाठी. औषधाने त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. दुसऱ्या हातात तो कागद होता. बहिणीच्या दारात टाकायला म्हणून आलेला माणूस तो आता कोणाला दाखवावा या विचारात होता, आणि मला त्यांची दया आली. रागही होताच. माणसाची दया आली म्हणून राग कुठे जातो?

मला वाटलं होतं, संध्याकाळीच बेलपाड्याला जातील. नाही गेले. दुसऱ्या दिवशीही नाही. हितेशने आत्याला फोन केला तर तिने "तुज्या बापाला सांग, माजी हलद अजून संपली नाय" एवढं बोलून ठेवून दिला. मग पुन्हा केला तर उचललाच नाही. सासरे घरात बसून राहायचे. थेंब घालून घ्यायचे, तेही सासूबाईंकडून, तोंड वर करून, गुपचूप. गाडीची किल्ली खिळ्याला लटकत होती. मी रोज विचारायचे, बाबा, आत्याकडे कधी? आणि रोज नवीन उत्तर. आज अमावास्या. आज कोणी येणार आहे. ती यायची नाय, तुना तिचा सभाव म्हाईत नाय.

रोज कामावरून येताना माझ्या डोक्यात तेच असायचं. तिकडे बेलपाड्याला एक बाई आहे, तिला काही होत नाही, काही दुखत नाही, आणि आम्ही सगळे तिच्या भावाचा मान सांभाळत बसलोय. शेवटी एका रविवारी मी रिक्षा दारात आणून उभी केली.

"बाबा, डोळा तुमचा गेला तो कोणाला न कळता गेला," मी म्हणाले. "आत्याचा आपल्याला माहीत असून जाईल. मग ते कोणाच्या हळदीवर टाकणार?"

"मनस्वी!" सासूबाई ओरडल्या. त्या मला पहिल्यांदाच ओरडल्या. पण सासरे उठले आणि चपला शोधायला लागले. डाव्या पायाची समोर होती तरी सापडत नव्हती. ती मी त्यांच्या पायात सरकवली.

बेलपाड्याला आत्याचं घर खारघरच्या उंच इमारतींच्या मधोमध राहिलंय, बैठं, पुढे ओटा, बाजूला जरासं अंगण. आम्ही रिक्षा नाक्यावरच सोडली आणि बाजूच्या बोळातून आलो. आत्या ओट्यावर बसली होती, मांडीवर सूप, तांदूळ निवडत. सासरे अंगणाच्या कडेला थांबले. मी त्यांच्या मागे. हाक मारतील म्हणून मी वाट बघितली. ते उभेच. तिने वर बघावं आणि पहिला शब्द तिने बोलावा, एवढीच त्यांची अट असणार.

आत्याने मान वर केली. रस्त्याकडे बघितलं, आमच्याकडे फिरवलेली मान तशीच परत सुपाकडे नेली, पदर झटकला, आणि सूप घेऊन आत गेली. जाताना दाराच्या चौकटीला तिचा दंड आपटला. तिने चौकटीला शिवी दिली.

"बगितलंस?" सासरे म्हणाले. "तोंड फिरवलान माज्याकडं बगून. लहान पोरासारका उभा राह्यलो मी तिच्या दारात. चल. माजं काम झालं." आणि ते वळले.

मी त्यांचा हात घट्ट धरला. सुना सासऱ्याचा हात असा धरत नाहीत, पण धरला.

"बाबा, तिने बघितलं नाही. तिला दिसलंच नाही."

"समोर तर उभा व्हतो!"

"समोर नव्हता. बाजूला होता. गावात तुमच्याबद्दल काय बोलतात माहीत आहे? ओळख देत नाही, मस्ती आलीय. तुम्हाला मस्ती आली होती का, बाबा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते मला बघवेना. ते भेदरले होते.

"आक्का," त्यांनी हाक मारली. आवाज आत पोचला नाही, म्हणून पुन्हा. "आक्का!"

आत्या दारात आली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "कोन? कमल्या? कुठं हायस रं तू?"

ते चालत तिच्या अगदी समोर गेले, ओट्याच्या पायरीपाशी. तेव्हा ती त्यांच्यावर नजर लावून बघायला लागली, आणि ओळख पटताच तोंड सुरू झालं. "चोरासारका काय उबा राहतो? आता काय न्यायला आलास? दुसरा डोला गेला काय तुजा, त्यो पन माज्यावर घालायला?"

"हलदीनं नाय गेला, आक्का," सासरे पायरीवर बसत म्हणाले. "आदीच गेलेला. डाक्टरनं सांगितलं. तुजी हलद चांगली व्हती."

आत्याही खाली बसली. "मंग मी महिनाभर जेवले नाय धड," ती म्हणाली, "ती कशापायी?" आणि ती रडायला लागली, आणि मीही, कारण या सगळ्यात इतके दिवस मला कोणी रडू दिलं नव्हतं.

रडून झाल्यावर चहा झाला. चहा झाल्यावर मी डॉक्टरांचा निरोप सांगितला. आत्याने तो माशी हाकलावी तसा हाकलला. "मना काय झालंय? मना सगलं दिसतं." मी तिच्या नाकासमोर बोटं धरली. "तीन!" ती म्हणाली. "आनि नेलपॉलिश उडालंय तुजं." तिची सरशी झाली. डोळे बाजूने जातात, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, असं मी समजावत होते, पण जिने माझं नेलपॉलिश ओळखलं तिला मी काय पटवणार? माझा धीर सुटायला लागला.

तेव्हा सासरे म्हणाले, "आक्का, तुज्यासाटी नको येऊ. माज्यासाटी ये. परत जायचंय मना तपासायला. मना भ्या वाटतं गो."

हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही. आत्याने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "याला लानपनी सुई टोचायला न्यायची तं मीच मांडीवर घेऊन बसायची. कवा जायचं, सांग."

म्हणजे आत्या दवाखान्यात आली ती भावाची सोबत म्हणून. नवी साडी नेसून, पिशवीत त्याच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून. तिथे मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. आलाच आहात तर तुमचेही बघून घेऊ, असं त्या सहज म्हणाल्या, आणि आत्यानेही हसून मान डोलावली. तक्त्यावरची अक्षरं तिला शाळेच्या चार यत्तांपुरती येत होती तेवढी तिने खणखणीत वाचली. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा जरा बरा दिसत होता.

मग ती अंधारी खोली. दार नाही, जाड पडदा. आत एक यंत्र, त्यात तोंड घालून बसायचं, हातात बटण. मध्ये एक दिवा सतत असतो, त्याच्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक ठिपके लागतात विझतात. ठिपका दिसला की बटण दाबायचं. हितेशचा नंबर आधी होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो आणि पडद्यातून बटणाचा आवाज येत होता, टिक, टिक, टिक, जरा थांबून पुन्हा टिक. एकसारखा चालला होता. "नॉर्मल वाटतोय," मशीनवरची मुलगी त्याला बाहेर सोडताना म्हणाली. "डॉक्टर सांगतीलच. पण दर वर्षी यायचं हां." हितेश माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने मोठ्याने श्वास सोडला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण सासरे बसले होते.

मग आत्या आत गेली. मुलीने तिला सगळं समजावलेलं आम्हाला ऐकू आलं. एका डोळ्यावर पट्टी लावली. "समजलं, समजलं," आत्या म्हणाली. मग यंत्राची बारीक गुरगुर सुरू झाली.

टिक. टिक.

मग काही नाही.

सासरे बाकावर पुढे सरकले. या सगळ्यातून ते आधी गेलेले होते, आत कुठे काय लागतंय हे त्यांना माहीत होतं. गुरगुर चालूच होती. मी पंख्याकडे बघत होते, जमिनीकडे बघत होते, कुठेतरी बघायचं म्हणून. बटण वाजत नव्हतं. "दाब," सासरे अगदी हळू पुटपुटत होते. "दाब गो आक्का. दाब."

एक टिक आला. त्यांनी डोळे मिटले. पुढचा येईल म्हणून आम्ही सगळे वाट बघत राहिलो. गुरगुर चालू होती आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मग पडद्याआडून आत्याचा आवाज आला. आवाजात चिडचिड नव्हती, उलट लहान मुलीला सांभाळून घ्यावं तशी समजूत होती.

"पोरी, यो मधला एकच पिवला दिवा लावलास गो तू. बाकीचं कवा लावनार?"

सासरे उठले, भिंतीला हात लावत पडद्यापर्यंत गेले आणि तो बाजूला न करता बाहेरच उभे राहिले.

"लावतेय ती, आक्का," ते म्हणाले. "तू बस. मी हाय हितं."